शॉर्टकट सगळ्यांनीच मारला तर?

मागच्या अंकात मी या सदरात सहज एक वाक्य लिहून बसलो, की जाळ्यात एखादा रस्ता नवीन टाकला म्हणजे जाळ्याची क्षमता वाढेलच असं काही नाही, कधीकधी कमीसुद्धा होते. झालं. पंधरा दिवस मेल काय, व्हॉट्सअ‍ॅप काय, एकाने तर "सर तुम्ही कर्वे रोडने कधी गेलाय का" असं विचारलंय. रोज जातो हो. स्कूटरवर जातो, नारायण पेठेत राहतो आणि कोथरूडच्या बाजूला कॉलेजात नेटवर्कचा पेपर शिकवतो, त्यामुळे जे शिकवतो तेच येताजाता भोगतो पण. यावेळी सगळे प्रश्न गर्दीचेच घेतलेत, काही रस्त्यांचे, काही इंटरनेटचे. गणित बरंचसं सारखंच आहे म्हणून एकत्र.

प्रश्न : रस्ता वाढवला की ट्रॅफिक वाढतं हे आम्हीपण बघतो, पण ते नवीन गाड्या येतात म्हणून. तुम्ही म्हणताय गाड्या तेवढ्याच राहिल्या तरी सगळ्यांचा वेळ वाढू शकतो. हे कसं काय बुवा? आकडे घालून सांगा, नुसतं "संशोधन सांगतं" नको. (वारज्याहून एक वाचक)

उत्तर : कागद घ्या. डावीकडे घर, उजवीकडे ऑफिस, मध्ये दोन रस्ते. वरच्या रस्त्याला आधी एक अरुंद पूल लागतो आणि मग मोठा हायवे. खालच्याला उलटं, आधी हायवे मग अरुंद पूल. हायवेला कितीही गाड्या असल्या तरी ४५ मिनिटं लागतात. पुलाचं तसं नाही, पुलावर जेवढ्या गाड्या त्याला १०० ने भागायचं, तेवढी मिनिटं. सकाळी निघणाऱ्या गाड्या ४०००.

आता लोक काही येडे नसतात, चार दिवसांत आपोआप निम्मे वरून निम्मे खालून जायला लागतात. म्हणजे प्रत्येक पुलावर २०००, पुलाची २० मिनिटं अधिक हायवेची ४५, एकूण ६५. सगळ्यांना ६५, कोणाची तक्रार नाही.

मग कोणाच्या तरी डोक्यात येतं की वरचा पूल जिथे संपतो तिथून खालचा पूल जिथे सुरू होतो तिथपर्यंत एक छोटा जोडरस्ता काढू. नारळ फुटतो, बोर्ड लागतो. जोडरस्ता इतका भारी की पार करायला वेळच लागत नाही, शून्य मिनिटं धरा. आता घरातून निघालेला माणूस काय विचार करेल? पुलावर अगदी सगळ्या ४००० गाड्या आल्या तरी ४० मिनिटं, हायवेला तर ४५ ठरलेलीच, मग हायवेला जाऊच कशाला. असा विचार ४००० जण करतात. सगळे पूल, जोडरस्ता, पूल. ४० अधिक ४०, झाली ८०. काल ६५ होती. आणि गंमत म्हणजे एखाद्याने वैतागून एकट्यानेच जुना मार्ग धरायचं ठरवलं तर त्याला ४० अधिक ४५, म्हणजे ८५ लागतात, त्यामुळे तोही गुपचूप परत ८० वाल्या गर्दीत येतो. कोणी चुकत नाहीये, प्रत्येकजण आपल्यापुरतं बरोबर वागतोय, आणि सगळ्यांची १५ मिनिटं गेली.

हे डीट्रिश ब्राएस नावाच्या जर्मन गणितीने १९६८ मध्ये दाखवलं, म्हणून याला ब्राएसचा विरोधाभास म्हणतात. लगेच कोणीतरी सेऊलचं उदाहरण देतं, तिथे चोंगेचोन नावाच्या ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ पासून पाडायला घेतला, २००५ मध्ये ओढा मोकळा केला आणि शहर काही ठप्प झालं नाही. खरंय, पण मी ते उदाहरण जरा जपून वापरतो कारण त्याच सुमारास त्यांनी बसव्यवस्था पण बदलली होती, त्यामुळे श्रेय कोणाला किती हे वेगळं काढणं सोपं नाही. आपल्याकडे पण पूल पाडलेत की, २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला, २०२२ मध्ये चांदणी चौकातला, पण ते जागेवर दुसरं मोठं बांधायचं म्हणून, तिथे ब्राएसला आणू नका. आणि प्रत्येक नवीन रस्त्याला "बघा ब्राएस" म्हणणारे पण भेटतात, तसंही नसतं. हा प्रकार तेव्हाच होतो जेव्हा नवीन तुकडा लोकांना मोकळ्या रस्त्यावरून काढून आधीच अडलेल्या दोन जागांना एकाच फेरीत नेऊन घालतो. जोडरस्त्याचा नकाशा बघताना एवढंच विचारायचं, याच्या दोन्ही टोकांना काय आहे?

प्रश्न : पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद. तो पूल केवढासा, पण त्या दिवशी पार म्हात्रे पुलापर्यंत सगळं चोंदतं. एका छोट्या पुलाने एवढा फरक पडतो का की आम्हालाच वाटतं? (कर्वेनगर)

उत्तर : वाटत नाही, पडतो.

नदी म्हणजे शहरावर मारलेली रेघ आहे असं समजा. कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन या बाजूचा माणूस पेठांत जायचा तर ती रेघ कुठेतरी ओलांडणारच, मग लकडी पूल असो, म्हात्रे असो, राजाराम, झेड ब्रिज (तो पण फक्त दुचाकीला). तुमच्या बाजूला रस्ते कितीही रुंद करा, आमच्या बाजूला बोळ कितीही मोकळे करा, तासाला पलीकडे जाऊ शकणाऱ्या गाड्या म्हणजे या पुलांची बेरीज, त्याच्यावर एक गाडी जास्त नाही. गणितात याला "किमान छेद" म्हणतात, जाळं दोन भागांत तोडायला कमीत कमी जेवढी क्षमता कापावी लागेल तेवढाच त्या जाळ्यातून जास्तीत जास्त प्रवाह जातो. फोर्ड आणि फल्कर्सन या दोन गणितींनी १९५६ मध्ये हे छापलं. याच्या मुळाशी शीतयुद्ध आहे, सोव्हिएत रेल्वेचं जाळं नेमकं कुठे तोडलं तर मालवाहतूक बंद पडेल याचा अमेरिकन अभ्यास १९५५ चा, तो अहवाल कित्येक वर्षं गुप्त होता. बॉम्ब टाकणाऱ्याला आणि पूल बांधणाऱ्याला एकच रेघ शोधायची असते.

आता छोटा पूल गेल्याने एवढं का बिघडतं ते. रांगेचं एक साधं सूत्र आहे, गाड्या आपल्या मर्जीने कधीही येतायत आणि एकच खिडकी आहे असं धरलं तर खिडकी ५० टक्के बिझी असताना एकूण वेळ मोकळ्या वेळेच्या दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट आणि ९५ ला वीसपट. म्हणजे ५० वरून ५५ झालं तर कळतपण नाही, ९० वरून ९५ झालं की वेळ डबल. बाकीचे पूल रोज संध्याकाळी असेच नव्वदीत चालत असतील तर भिडे पुलाची थोडीशी गर्दी त्यांच्यात वाटली तरी सगळे एकदम शंभरीला टेकतात. रस्त्याला हे सूत्र जसंच्या तसं लागू नाही, पण चढ असाच असतो.

आणि हो, पूल रुंद करा म्हणणाऱ्यांनी पुलाच्या टोकाचा चौक पण बघावा. एका लेनमध्ये दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर धरलं तर तासाला १८०० गाड्या जातात. पुढच्या सिग्नलला निम्मा वेळच हिरवा मिळत असेल तर ९००. लकडी पूल उद्या दुप्पट केला तरी अलका चौक तोच आहे.

प्रश्न : सर, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय कॉम्प्लेक्स नेटवर्कची ट्रॅफिक कपॅसिटी वाढवणे. पेपर वाचले पण फॉर्म्युल्यात हरवलो, कपॅसिटी म्हणजे नक्की काय मोजायचं आणि ती वाढवायला हातात काय काय असतं? गाईड म्हणतात सिम्युलेशन कर मग कळेल. (निगडी)

उत्तर : गाईड बरोबर म्हणतायत पण आधी हाताने एक छोटं गणित करून बघ, सिम्युलेशन नंतर.

दहा कॉम्प्युटर घे. प्रत्येकजण एका ठोक्याला एकच पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, पुढे ढकलू शकतो. दर ठोक्याला जाळ्यात काही नवीन पॅकेट जन्माला येतात, कुठून कुठे जायचं ते रँडम. पॅकेट कमी असतील तर जेवढी येतात तेवढी पोचतात. वाढवत नेलंस की एका आकड्याला कुठेतरी रांग लागते आणि मग ती कमीच होत नाही, वाढतच जाते. तो आकडा म्हणजे तुझी कपॅसिटी.

पहिलं जाळं, चांदणीच्या आकाराचं. एक मधला आणि नऊ त्याला जोडलेले. भारी वाटतं, कारण कोणीही कोणापासून फार तर दोन उड्यांवर, सरासरी १.८ उड्या. पण दर दहापैकी नऊ पॅकेट मधल्याला ढकलावी लागतात, त्यामुळे ठोक्याला साधारण १.१ पॅकेटच्या वर गेलास की मधला बुडाला. दुसरं जाळं, दहाही जणांची गोल साखळी. इथे सरासरी अंतर जास्त, २.८ उड्या. पण ओझं सगळ्यांवर सारखं, म्हणून दहा भागिले २.८, ठोक्याला ३.६ पॅकेट. रस्ता दीडपट लांबला आणि कपॅसिटी तिप्पट झाली! हे वहीत स्वतः करून बघ, अर्धा तास लागेल, पण त्यानंतर ते पेपर कादंबरीसारखे वाचशील. (बरं, कादंबरीसारखे नाही, पण वाचशील.)

म्हणजे कपॅसिटी सरासरीवरून ठरत नाही, सगळ्यात जास्त ओझं ज्याच्यावर त्याच्यावरून ठरते. एखाद्या नोडवरून, म्हणजे जाळ्यातल्या एका कॉम्प्युटरवरून, किती जोड्यांचे मार्ग जातात याला बिटवीननेस म्हणतात. सगळ्या नोडमधला सर्वात मोठा बिटवीननेस काढ, नोडच्या जोड्यांची संख्या म्हणजे एन गुणिले एन वजा एक, तिला या आकड्याने भाग आणि नोड ठोक्याला जेवढी पॅकेट ढकलतो त्याने गुण, उत्तर आलं. तुझ्या पेपरमधला तो भीतीदायक फॉर्म्युला एवढाच आहे.

आता खरी जाळी कशी असतात? बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की बऱ्याच जाळ्यांमध्ये नवीन येणारा आधीच मोठा असलेल्याला जाऊन चिकटतो, त्यामुळे थोडे हब प्रचंड मोठे आणि बाकी सगळे किरकोळ. त्याला स्केल-फ्री म्हणतात. स्वारगेट एसटी स्टँड डोळ्यासमोर आण. अशा जाळ्यात प्रत्येक पॅकेटने सगळ्यात जवळचा मार्ग धरला तर सगळे हबमधूनच जातात आणि जाळं तिथेच गुदमरतं, बाकीचे नोड हात बांधून बसलेले असताना.

हातात तीन गोष्टी असतात. एक, नोड मोठे करणे. सगळे सारखे मोठे केलेस तर पैसा वाया, ओझ्याच्या प्रमाणात ताकद वाटलीस तर उपयोग. यात डोकं कमी आणि बजेट जास्त लागतं, म्हणून मी यावर वेळ घालवत नाही.

दोन, मार्ग बदलणे, आणि सगळ्यात मजा इथे आहे. यान, झोउ आणि आणखी तिघे, चीनमधले, त्यांनी २००६ मध्ये एक इतकी साधी युक्ती मांडली की आपल्याला का नाही सुचली असं वाटतं. मार्ग निवडताना उड्या मोजू नका, वाटेतला प्रत्येक नोड किती जणांना जोडलेला आहे तो आकडा घ्या, त्याला एक घातांक द्या, बेरीज करा आणि ती बेरीज सगळ्यात कमी असलेला मार्ग घ्या. घातांक शून्य ठेवला तर नेहमीचा जवळचा मार्ग. घातांक १ च्या आसपास ठेवला तर पॅकेट हबला वळसा घालून गल्लीबोळातून जातात, आणि त्यांच्या सिम्युलेशनमध्ये कपॅसिटी दहापटीपेक्षा जास्त वाढली. एक वायर न टाकता! घातांक फार वाढवलास तर मात्र उगाच लांबलांब हिंडतात आणि छोटे नोड भरतात, म्हणून मध्ये कुठेतरी शिखर येतं. ते शिखर शोधणं हाच तुझ्या प्रोजेक्टचा पहिला ग्राफ करून टाक.

सगळ्या जाळ्याचा नकाशा प्रत्येकाकडे नसतो, असं परीक्षक विचारतील. त्याला पण उत्तर आहे, फक्त शेजारी कोण किती मोठा एवढंच माहीत असलं तरी मोठ्या शेजाऱ्याकडे कमी वेळा पाठवायचं असा नियम चालतो, सगळ्या नोडची ताकद सारखी असेल तर शेजाऱ्याच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात पाठवणं सगळ्यात बरं पडतं.

तीन, लिंक काढणे. हो, काढणे. दोन मोठे हब एकमेकांना थेट जोडलेले असतात त्या लिंकमुळेच सगळे मार्ग त्यांच्याकडे ओढले जातात, तसल्या थोड्या लिंक कापल्या तर गर्दी बाहेर पसरते आणि कपॅसिटी वाढते, यावर २००७ च्या सुमारास बरेच पेपर आहेत. वर वारज्याच्या वाचकांना सांगितलेल्या ब्राएसचा हा लांबचा भाऊ. सख्खा नाही, कारण ब्राएसमध्ये माणसं आपापला मार्ग निवडतात, इथे नियम निवडतो. व्हायवाला हा फरक सांगितलास तर मार्क कुठे जात नाहीत. आणि किती कापायच्या याला मर्यादा आहे, सगळंच कापलंस तर जाळंच तुटेल, तेही ग्राफमध्ये दाखव.

प्रश्न : आमच्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि तो फोनमधला नकाशा संध्याकाळी मोठमोठ्या गाड्या आमच्याकडे पाठवतो. त्याला कोणी सांगत नाही का? माझा नातू म्हणतो आजी त्याने ट्रॅफिक कमी होतं. कोणाचं? (सदाशिव पेठ, वय ७४)

उत्तर : आजी, नातू अर्धा बरोबर आहे. मघाशी निगडीच्या मुलाला जे सांगितलं तेच ते यंत्र करतं, मोठ्या चौकातली गर्दी उचलून बारीक गल्ल्यांत पसरवतं. पण दोन ठिकाणी खोट आहे.

एक म्हणजे ते प्रत्येक गाडीवाल्याला त्याचा स्वतःचा वेळ वाचवून देतं, गावाचा नाही. प्रत्येकाने आपापलं बघितल्यावर सगळ्यांचा मिळून किती तोटा होतो यावर रफगार्डन आणि टार्डोस या संशोधकांचं २००२ चं काम आहे, रस्त्याचा वेळ गाड्यांच्या सरळ प्रमाणात वाढत असेल तर तोटा फार तर एक तृतीयांश, त्याच्यावर नाही. ऐकायला बरं वाटतं पण खऱ्या रस्त्याचा वेळ भरत आल्यावर सरळ नाही, झपकन वाढतो, आणि तिथे ही हमी उरत नाही.

दुसरं, गर्दी बघून मार्ग बदलणाऱ्या जाळ्यात जाम उशिरा लागतो हे खरं, पण लागला की हळूहळू नाही लागत, एकदम धाडकन सगळीकडे लागतो. स्पेनमधल्या तीन संशोधकांनी पॅकेटच्या जाळ्यावर हे वीसेक वर्षांपूर्वी दाखवलंय. कारण सोपं आहे, राखीव म्हणून ज्या गल्ल्या होत्या त्या आधीच वापरून झालेल्या असतात. गणपतीत लक्ष्मी रोडच्या आसपास हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलं असेल.

आणि तुमच्या बोळाला गाड्या सोडून दुसरी पण कामं आहेत, पोरं खेळतात, पापड वाळतात, चार बायका उभ्या राहून बोलतात. ते त्या गणितात कुठेच धरलेलं नाही. मी तुमच्या बाजूने आहे. सोसायट्यांनी मिळून वॉर्डात लेखी अर्ज द्या की बोळ मोठ्या गाड्यांना बंद करा किंवा एकेरी करा, बंदी अधिकृत झाली की ती नकाशात पण नोंदवून घेता येते. तोपर्यंत तोंडाला कुंड्या ठेवणारे पण आहेत पेठेत, ते मी छापत नाहीये.

प्रश्न : सोसायटीत सगळ्यांकडे १०० एमबीचा प्लॅन आहे, दिवसा पळतो, रात्री नऊला मॅच असली की गोल गोल फिरतं. फोन केला की म्हणतात राउटर बंद चालू करा. (बाणेर)

उत्तर : तुमचे १०० म्हणजे तुमच्या घरापासून कंपनीच्या पेटीपर्यंतचे, पेटीच्या पुढची वायर सगळ्यांत मिळून एक. परत पुलांची बेरीज. राउटर बंद चालू केल्याने पुढची वायर जाड होत नाही.

पण या निमित्ताने एक किस्सा सांगतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीची लॅब आणि तिथलंच विद्यापीठ यांच्यात, अंतर जेमतेम चारशे यार्ड, इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. हजार नाही, नुसते चाळीस. वायर तीच, मशीन तीच. झालं असं की रांग लागल्यामुळे पॅकेट उशिरा पोचायची, पाठवणाऱ्याला वाटायचं हरवलं, तो परत पाठवायचा, रांग आणखी वाढायची, आणि शेवटी वायरभर एकाच पॅकेटच्या झेरॉक्सच फिरत होत्या. त्याच लॅबमधल्या व्हॅन जेकबसनने १९८८ मध्ये यावर उपाय लिहिला तो म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरने आधी हळू सुरुवात करायची, बरं चाललंय बघून थोडं थोडं वाढवायचं, आणि पॅकेट हरवलं की अडलंय समजून स्वतःहून वेग कमी करायचा. वायर वाढवली नाही, पाठवणाऱ्यांना दम धरायला शिकवलं. आजही तुमचा फोन त्याच धर्तीवर चालतो. चौक अडलेला दिसत असताना सिग्नल हिरवा आहे म्हणून मध्ये जाऊन उभं राहणाऱ्यांना हे कोणी शिकवेल तर बरं होईल.

तुमच्यापुरता उपाय, कंपनीला स्पीड विचारू नका, एका पेटीवर किती घरं टाकलीत ते विचारा. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा.

प्रश्न : सिग्नल काढून सगळीकडे सर्कल करा, परदेशात करतात. (पाषाण)

उत्तर : चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात, एका लेनच्या सर्कलमध्ये ८ ठिकाणी, त्यामुळे सुरक्षित जास्त. पण सर्कल चालतं ते आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं या एका नियमावर. पुढचं तुम्ही जाणता. शिवाय एका बाजूचा लोंढा मोठा असला तर बाकीच्या बाजूंना आत शिरायला फटच मिळत नाही, तिथे सिग्नलच बरा.

प्रश्न : सर हे सगळं ठीक आहे, पण तुम्ही स्वतः सकाळी कोथरूडला कुठून जाता? (नाव नको)

उत्तर : सव्वासातला निघतो. रस्ता नाही सांगणार, या अंकाचा खप बघता तो दोन दिवसांत बाद होईल.